बादलच्या पायातला दोरा

मित्रांनो, मी एक जुना मेटल डिटेक्टर आहे, चिरलेल्या मुठीवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेला. खिळा असो की किल्ली, मला ‘पीं’ एवढंच बोलता येतं, आणि त्याचीच मला कायम धास्ती असते.

पूर्वी मी शिरपूरला यात्रेकरूंच्या रांगेवर होतो. तिथे माझं भारी कौतुक व्हायचं. मग एकदा हातातून पडलो, मूठ चिरली आणि कपाटात गेलो. पोटातली बॅटरी कुणी काढलीच नाही. ती पाझरली, स्प्रिंग गंजली. शेवटी जनावरांच्या डॉक्टर सुकेशनीताईंनी मला मागून नेलं. त्यांनी स्प्रिंग घासली, नवी बॅटरी घातली आणि बटण हळूहळू फिरवत किल्लीजवळ माझा आवाज पारखला.

पहिलंच काम निघालं आसेगावला, जगदेवभाऊंच्या गोठ्यात. त्यांच्या बादल बैलानं चारा सोडला होता, रवंथही बंद. चाऱ्यातून पोटात तार गेली असेल तर आजच पोट चिरावं लागणार होतं. भाऊंनी घुंगरमाळ काढली. ताईंनी मला बादलच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे, पोटाशी फिरवलं आणि मी किंचाळलो.

ताईंनी हत्यारांची पेटी उघडली. माझा जीव टांगणीला लागला. बादलच्या पुढच्या पायात दृष्टीचा काळा दोरा होता, त्यात बिब्बा आणि लोखंडी कडी! त्या कडीपुढे पोटातलं मलाही काही कळेना. पण सांगू कसं?

जागेवर खूण करायला ताई वाकल्या, तेव्हा त्यांना दोरा दिसला. “काकू, हा सोडा.”

भाऊंच्या पत्नी रुखमाबाई पुढे झाल्या. “कायले सोडता, डॉक्टरीणबाई? तोच तं राखून राह्यला त्याले!”

“हे कडीले ओरडून राह्यलं का तारेले, मले कसं कळन?” ताईही त्यांच्याच बोलीत म्हणाल्या.

रुखमाबाईंनी दोरा सोडला, पण मुठीत घट्ट धरून बादलला बिलगूनच उभ्या राहिल्या. मी पुन्हा किंचाळलो.

“अवं, मांगं सर ना!” भाऊ कळवळले.

त्या दाराशी गेल्या. मी गप्प झालो. आता दुसरीच भीती, मी बंद तर पडलो नाही? ताईंनी मला किल्लीला लावलं. पीं! पुन्हा पोटावर फिरवलं. काहीच नाही.

पेटी मिटली. अपचनाच्या औषधावर संध्याकाळी बादल रवंथ करू लागला आणि रुखमाबाई ढसाढसा रडल्या. त्यांनी माझ्याही मुठीला काळा दोरा बांधला. त्यातली कडी मात्र ताईंनी आधीच काढून घेतली होती.

मित्रांनो, मला ठेवून देताना बॅटरी तेवढी काढत जा. आणि मी ओरडलो म्हणून लगेच सुरी उचलू नका. आधी आजूबाजूला काय बांधलंय ते बघा. माझ्याजवळ दुसरा आवाज नाही.