एका तिकिटावर एकच खेळ

धाकटीचं पहिलं गाणं इंटरनेटवर विकायला आलं आणि मी चष्म्याच्या दुकानात छाती फुगवून वावरू लागलो. रेकॉर्डिंगवाल्याने मला फाइल आधीच फुकट दिली होती. मी ती मालकांना पाठवली, मावशीला पाठवली, डोळे तपासायला आलेल्या गिऱ्हाइकांनाही सोडलं नाही. मावशीने पुढे सगळ्या मैत्रिणींना वाटली. बहिणीचं नाव घरोघरी पोचवल्याचा मला कोण आनंद!

फक्त बाबांनी फाइल घेतली नाही. तीस वर्षं त्यांनी थिएटरच्या दारावर तिकिटं फाडली होती. "फुकटात मी काही बघत नाही, ऐकत नाही," ते म्हणाले. धाकटीचा चेहरा पडला. तिला वाटलं, बाबांना तिचं गाणंच नको आहे.

गाणं काढणाऱ्या कंपनीची अट होती: महिन्याभरात गाणं चाळीस वेळा विकलं गेलं तर दुसरं त्यांच्या खर्चाने, नाहीतर नमस्कार. तिसऱ्या आठवड्यात धाकटी तरातरा दुकानात आली.

"दादा, तीन विकली गेली. तीन!"

"अगं, पण मावशीच्या फोनची रिंगसुद्धा तेच गाणं आहे!"

"हो ना? मग तिच्याकडे आलं कुठून?"

मी एक चष्मा पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

संध्याकाळपासून मी दारोदार फिरलो. मावशी म्हणाली, "अरे, आहे की माझ्याकडे. परत कशाला घेऊ?" मालक म्हणाले, "तूच दिलंस ना?" कपाळ माझं! मी स्वतःच्या हाताने बहिणीच्या पायावर धोंडा पाडला होता, आणि तोही मिरवत.

घरी आलो तर बाबांनी विचारलं, "तिच्या गाण्याचं तिकीट कुठे मिळतं?" मी वैतागलेलोच होतो. त्यांच्या फोनवर गाणं विकणारं इंटरनेटवरचं पान उघडून दिलं, बटण दाखवलं आणि झोपायला गेलो.

शेवटच्या दिवशी धाकटी किंचाळतच बाहेर आली. "एक्केचाळीस!" कंपनीने खरेदीदारांची यादी पाठवली होती. पहिली तीन नावं अनोळखी. खाली अडतीस वेळा एकच नाव होतं, बाबांचं.

बाबा खिडकीपाशी कानात इयरफोनची बोंडं घालून बसले होते. मी त्यांचा खांदा हलवला.

"बाबा, एकदा विकत घेतलं की ते कायमचं आपलं. कितीही वेळा ऐका!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. "एका तिकिटावर दुसरा खेळ? असल्यांना मी दंडाला धरून बाहेर काढायचो. ऐकून झालं की मी पुसून टाकतो आणि नवीन काढतो."

धाकटीला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आलेले. "बाबा, पण गाणं चांगलं झालंय असं एकदाही म्हणाला नाहीत."

"वाईट खेळाला कोणी अडतीस वेळा बसतं का?"

धाकटी त्यांच्या गळ्यातच पडली. मलाही भरून आलं. मीही पुढे झालो, तर बाबांनी हात आडवा धरला. अगदी दारावर धरायचे तसा.

"तुझं तिकीट?"

मी मुकाट्याने फोन काढला आणि बेचाळिसावं घेतलं.