तांबड्या गायीचा निबंध

ताडकळसची मराठी शाळा संपवून बन्सीधर परभणीच्या मोठ्या शाळेत गेला, तर तिथं सरकारी भाषा उर्दू, गणितसुद्धा उर्दूत. वर्षाअखेर उर्दूत पास, नाहीतर घरी येऊन नांगर धरायचा, असं त्याच्या वडिलांनी, आश्रुबांनी, ठरवून टाकलं.

कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून देणारे एक मुन्शी त्याला फुकट शिकवायला तयार झाले. त्यानं फक्त अर्जांच्या नकला करायच्या. मुन्शींना बिनपगारी कारकून मिळाला आणि बन्सीधरला बिनफीचा उस्ताद. आपणच दुसऱ्याला गंडवलं, या खुशीत दोघांचं वर्ष गेलं. अर्जाशिवाय दुसरी उर्दू मात्र बन्सीधरनं पाहिलीच नाही.

परीक्षेत गायीवर निबंध आला. निकालाच्या दिवशी हेडमास्तरांनी आश्रुबांना समोर बसवून तो मराठीत सांगितला. "गाय रंगानं तांबडी, वय पाच, उजवं शिंग मोडकं, डाव्या कानाला चीर. पंच मल्हारी आणि ग्यानबा. हुजुरांनी मेहेरबान होऊन विचार करावा. सही, गायीचा मालक बन्सीधर."

"ही तर आमचीच गाय हाय," आश्रुबा म्हणाले.

"बाकीच्यांच्या गायी नुसत्या चार पायांच्या अन् दूध देणाऱ्या. तुमची मात्र भर बाजारात ओळखू येईल. पास केलाय त्याला."

दाराशी उभ्या बन्सीधरचा जीव भांड्यात पडला. आश्रुबा मात्र जागचे हलले नाहीत.

"पास केलं ते लय चांगलं झालं, सायब. पण सही तेवढी दुरुस्त करा. गाय माझ्या नावावर हाय."