रिठ्यात उकळलेला पाचू

सोनं रिठ्याच्या पाण्यात उकळतात, हे मला कोणी शिकवायला नको. गौरी यायच्या आधी घरातले सगळे दागिने एका पातेल्यात घालायचे, वर चिमूटभर सोडा टाकायचा, उकळी आली की जुन्या ब्रशने घासायचे. गेली एकतीस वर्षं हे काम मीच करते आणि त्यात कोणाची लुडबुड चालवून घेत नाही. नथ मी आधीच बाजूला काढली होती. मोती उकळायचे नसतात एवढी अक्कल मला आहे. पण पाचू म्हणजे दगड, आणि दगडाला गरम पाण्याचं कसलं भय, असा विचार करून मी अनुजाची अंगठीही त्याच पातेल्यात सोडली.

अनुजा ही माझी सून. निलेशशी लग्न होऊन आठ महिने झालेले, त्यामुळे हा तिचा पहिला ववसा, नव्या सुनेने भरलेली सुपं घेऊन गौरीला ओवाळायचं ते. ववशाची सुपं माहेरून यायची, तर तिच्या माहेरी आता कोणी करणारं नाही. आई दोन वर्षांपूर्वी गेली, वडील त्याच्याही आधी. आदल्या संध्याकाळी ती एक डबी घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "मम्मी, आईची ही एवढी एकच वस्तू आहे माझ्याकडे. गौरीच्या बोटात घालाल?" मला भरून आलं. मी म्हटलं, "घालीन की. आधी लख्ख तरी करते."

पातेल्यातलं पाणी ओतलं तेव्हा सोनं झगझगत होतं आणि खडा मेला होता. दुसरा शब्द नाही. कालचा हिरवागार पाचू पांढुरका पडलेला, आत तडेच तडे. मी पदराने पुसला, फुंकर मारली, थंड पाण्यात बुडवला. काही उपयोग नाही. पोरीच्या आईची शेवटची वस्तू मी स्वतःच्या हाताने, गॅस मोठा करून, शिजवून काढली होती.

नायगावची चाळ पाडायला घेतल्यापासून आम्ही वडाळ्याला भाड्याने राहतो. दोन खोल्यांत वस्तू लपवायची म्हटली तरी जागा नाही. अंगठी ब्लाऊजमध्ये खोचली आणि ह्यांना, म्हणजे जयवंतना, सांगितलं, गिरगावात जाऊन येते. "गिरगावात काय?" म्हणाले. "माझं माहेर आहे तिथे, विसरलात का?" म्हणून मी दार ओढून घेतलं. चूक आपली असली की माझा आवाज आणखी चढतो, हे ह्यांना माहीत आहे, बिचारे गप्प बसतात.

बसमध्ये बेत ठरला. तसाच दुसरा पाचू शोधायचा, त्याच कोंदणात बसवून घ्यायचा, आणि मरेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

गिरगावातच, खेतवाडीत हितेंद्रभाईंची खोली आहे, दुसऱ्या मजल्यावर. तीन पिढ्या खड्यांचंच काम. शाळेत जाताना मी त्यांच्या वडिलांना खिडकीशी भिंग लावून बसलेलं बघायची. आता त्याच खिडकीशी हितेंद्रभाई बसतात.

"एवढा एवढा पाचू हवाय," मी बोटाने माप दाखवलं. "चांगला, खरा."

हितेंद्रभाईंनी पांढऱ्या कागदावर तीन खडे मांडले. "नलूबेन, यातला चांगला तुम्हीच उचला बघू."

दादरच्या मंडईत मी वांगं घेताना देठापासून उलटं करून बघते, भाजीवाल्या मला ओळखून असतात. मी तिन्ही खडे नीट बघितले आणि सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात चमकदार होता तो उचलला.

"काच," हितेंद्रभाई म्हणाले.

"काहीतरीच!"

"भिंग घ्या. आत बुडबुडे दिसतात? सोड्याच्या बाटलीत असतात तसे? आणि कडा बघा, झिजून गोल झाल्यात. काच नरम असते. हा दुसरा पाचूच, पण मशीनमध्ये वाढवलेला. तिसरा जमिनीतला."

तिसऱ्यात रेघाच रेघा होत्या. मी म्हटलं, "हा तर डागी माल!"

"भाजी निवडायची सवय इथे नाय चालत. जमिनीतल्या पाचूत रेघा असणारच. एकदम साफ, मोठा आणि वर स्वस्त कोणी देत असेल तर समजायचं गंडवतोय. फक्त चीर आरपार गेलेली नको. रंग बघायचा तर खिडकीच्या उजेडात, दुकानातल्या लाइटखाली सगळंच हिरवं दिसतं. आणि भारी वस्तू असेल तर लॅबचं सर्टिफिकेट मागायचं, लाजायचं नाय. पण तुम्हाला कशात बसवायचाय?"

मग मला अंगठी काढावीच लागली. "एका मैत्रिणीची आहे," मी म्हटलं.

त्यांनी ती भिंगाखाली धरली. उलटसुलट करून बघितली. खाली रस्त्यावर मंडपाचे बांबू उतरवत होते, त्याचा खडखडाट तेवढा येत होता.

"मैत्रिणीने उकळली काय?"

"हो."

"रिठ्यात? सोडा पण टाकला असेल."

"चिमूटभर."

"मैत्रिणीला कोणी सांगितलं नाय, पाचू उकळायचा नसतो म्हणून?"

"मीच उकळली हो!" मी ओरडलेच. "मैत्रीण नाही न् बित्रीण नाही. सुनेची आहे, तिच्या मेलेल्या आईची. आता काय फाशी देताय?"

हितेंद्रभाई हसायला लागले. मला त्यांच्या टाळक्यात भिंग घालावंसं वाटलं. हसू आवरून म्हणाले, "गौरीच्या आधी अशा दोन-तीन तरी बायका येतात माझ्याकडे. पाचूतल्या बारीक चिरांमध्ये तेल मुरवलेलं असतं. तुम्ही गरम पाण्याने ते धुऊन काढलं, म्हणून चिरा उघड्या पडल्या. खडा फुटलेला नाय. परत तेल मुरवलं की पहिल्यासारखा होईल."

"पहिल्यासारखा?"

"होईल म्हणतोय ना. आणि एक सांगू? काच असती तर चकचकीत होऊन बाहेर आली असती. हा असली आहे. रंग तर फार चांगला आहे."

तिथल्या स्टुलावर बसकण मारली आणि चक्क रडले. सकाळपासून छातीवर ठेवलेला वरवंटा कोणी उचलून घ्यावा, तसं वाटलं. हितेंद्रभाईंनी चहा मागवला. इतका गोड चहा मी एरवी परत पाठवते, तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

पण तेल मुरायला आठ दिवस लागणार होते आणि गौरी पाच दिवसांवर आलेल्या. "काळजी नको," ते म्हणाले, "तोपर्यंत कोंदणात ही काच बसवून देतो. तासाभराचं काम. नंतर बदलून टाकू, कोणाला समजणार पण नाय." त्यांनी चिमटा उचललासुद्धा.

मी हो म्हणून बसले होते. मग डोळ्यांसमोर आलं, गौरीच्या बोटात काच, आणि तिच्यापुढे सूप घेऊन वाकलेली माझी सून. आईची वस्तू म्हणून ती त्या काचेला नमस्कार करणार आणि मी शेजारी उभी राहून बघणार. हे मला जमलं नसतं.

"राहू दे," मी म्हटलं. "नुसता खडा ठीक करा."

घरी आले तेव्हा अनुजा करंज्या लाटत होती. बसले तिच्यासमोर आणि एका दमात सांगून टाकलं. उकळलं, बिघडवलं, लपवायला निघाले होते, सगळं. "आता काय बोलायचंय ते बोल," मी म्हटलं. मी इतकी घाबरले होते की आवाज भांडायचाच निघाला.

तिच्या हातातलं लाटणं थांबलं. "ते काय म्हणाले? खरी आहे?"

"बरी होईल म्हणाले, आठ दिवसांत."

"ते नाही मम्मी. पाचू खरा आहे? नक्की?"

"असली आहे म्हणाले. रंगही फार चांगला म्हणाले."

ती पिठाचे हात तोंडावर घेऊन रडायला लागली. मला काही समजेना. मग थोडं थोडं बोलली. आईने ती अंगठी स्वतःच्या पगारातून घेतली होती. पहिल्याच दिवशी आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, आत केवढ्या रेघा आहेत, फुटकी काच गळ्यात मारली तुझ्या. सगळे हसले. "त्यानंतर आईने अंगठी काढली नाही, पण खडा कायम तळव्याकडे वळवून घालायची. कोणाला दिसू नये म्हणून. तपासून आण म्हटलं की म्हणायची, खोटी निघाली तर? मग मीही कधी नेली नाही. गौरीसाठी तुम्हाला दिली तेव्हासुद्धा मनात धाकधूक होती, देवीला काच तर देत नाही ना."

मी तिला जवळ घेतलं. माझ्या साडीला पीठ लागलं, लागू दे.

त्या वर्षी गौरीचं बोट मोकळंच राहिलं. मी हात जोडून सांगितलं, बाई, तुझी अंगठी गिरगावात तेल पितेय, पुढच्या वर्षी घालीन. अनुजा सूप घेऊन वाकली तेव्हा मी मनापासून निश्चिंत होते.

आठव्या दिवशी आम्ही दोघी खेतवाडीत गेलो. खडा पुन्हा हिरवागार झाला होता. आत रेघा तशाच, पण आता त्या रंगात मिसळून गेलेल्या. अनुजाने अंगठी बोटात घातली, खिडकीशी धरून बघितली, आणि जिना उतरता उतरता, आईचंच बघून लागलेली सवय असावी, खडा तळव्याकडे वळवला.

मी तिचा हात धरला आणि खडा वर फिरवला.

"असू दे असाच," मी म्हटलं.

बसमध्ये तिने तो हात मांडीवर ठेवला आणि वडाळा येईपर्यंत हलवला नाही.