अकलूजला न पोहोचलेला सा

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, गाण्याची. पुस्तकात मला हार्मोनियम म्हणतात, पण सोलापुरात कोणी त्या नावाने हाक मारल्याचे मला आठवत नाही. एक गोष्ट आधीच कबूल करते. आमच्या घरात एक टॅब आहे आणि मी त्याच्यावर जळते.

माझा जन्म पुण्यातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. सागवानी अंग, मागे घड्यांचा भाता आणि पोटात पितळेचे सूर. एकेक सूर कानाशी धरून कारागिराने जुळवला. तिथून मला गंगम्माबाईंनी आणले. तेव्हा त्या यंत्रमागांच्या वस्तीत राहत आणि बाहेरच्या खोलीत गाण्याचा वर्ग चालवत. दोन्ही बाजूंना मागांचा खडखडाट, आणि मध्ये टॉवेल विणणाऱ्यांची मुले माझ्याभोवती दाटीवाटीने बसलेली. बसण्याआधी प्रत्येक जण मला हात लावून नमस्कार करी. बाईंचा नेम ठरलेला होता. आधी मी सा द्यायचा, मग मुलांनी तोंड उघडायचे. शाळेच्या गॅदरिंगला मला रिक्षातून नेत, तेव्हा बाई कडेला अवघडून बसत आणि मला मधली जागा देत.

पुढे बाई लेकीकडे, जुळे सोलापूर या नव्या वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. मुले सुटली. त्यांतली एकटी पिंकी चिकटून राहिली, पण वडिलांना साखर कारखान्यात नोकरी लागल्यामुळे तीही अकलूजला गेली. ती तिथूनच ऑनलाइन शिकते म्हणाली. बाईंची जुनी विद्यार्थिनी महेजबीन आता एका शाळेत संगीत शिकवते आणि गाण्याचे धडे तयार करून इंटरनेटवरही टाकते. तिने बाईंना टॅब आणून दिला, सगळे जुळवून दिले, आणि माझे दिवस फिरले.

त्या टॅबमध्ये काय नव्हते! एका बोटात तानपुरा, दुसऱ्या बोटात तबला. गावोगावच्या गुरुजींचे धडे, हवे तितक्या वेळा थांबवून बघता येणारे. एक ॲप तर असे, की सूर बरोबर लागला की हिरवा दिवा आणि चुकला की लाल. सूर ही काय डोळ्यांनी बघायची गोष्ट आहे? पण बाई कौतुकाने बघत बसत. त्याला मऊ कापडाने पुसत, आठवणीने चार्जिंगला लावत. माझ्या पट्ट्यांवर धूळ साचली ती साचलीच. शिकवताना मध्येच त्याची चार्जिंग संपली, की मला आतून गुदगुल्या होत. हा फुटला तर बरे, असेही मी मनात म्हणून घेतले. हे चांगले लक्षण नाही, मला ठाऊक आहे.

एके सकाळी, बऱ्याच दिवसांनी, बाईंनी टॅबमधला तानपुरा सोडून मला पुढे घेतले आणि सा धरला. टॅबमधून पिंकी म्हणाली, "बाई, पेटी वाजतच न्हाई की. येती आन् लगीच गप्प होती."

बाईंनी भाता जोरात मारला. "आता?"

"न्हाई बाई. तुमचं गाणं तेवढं येतंय."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी इकडे खोली भरून वाजत होते. माझा संशय सरळ टॅबवर होता, पण पेटीची साक्ष कोण काढणार? बाई पुटपुटल्या, "मला तर चांगली ऐकू येतीय." मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांचा डावा कान मंद झाला होता. आता उजव्यावरचाही भरवसा उडाला. पेटीचा आवाज गेला आहे आणि आपल्याला तो आल्याचा नुसता भास होतो, असे त्यांनी मनाशी धरून टाकले आणि लाजेने लेकीलाही विचारले नाही.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी मागवाले माग पुजतात आणि बाई मला पुजतात. इतकी वर्षे पाटावर मी एकटी असायचे. या वेळी शेजारी टॅब! झेंडूचे टपोरे फूल त्याला आणि पाकळ्या गळालेले मला. मी जळून खाक झाले. पूजा झाल्यावर बाईंनी पिंकीला फोन लावला.

"पिंकी, दसरा झाला की तू दुसऱ्या कुणाकडं तरी शीक. ह्या टॅबमधी लई चांगली चांगली मान्सं हायत. पेटीचा आवाज गेलाय, आन् गेलेला मला कळंना बी. असल्या बाईनं काय शिकवावं?"

"मला न्हाई शिकायचं दुसऱ्याकडं," पिंकी रडत म्हणाली. बाईंनी फोन बंद केला आणि लेकीला सांगितले, पेटी उद्या माळ्यावर टाक.

मित्रांनो, माळ्याची भीती वाटलीच. पण बाई पाटासमोरून उठेनात, ते बघून ती मागे पडली. टॅब मोडावा म्हणून मी टपून बसले होते, आणि मोडल्या होत्या बाई.

दसऱ्याला महेजबीन आपट्याची पाने घेऊन आली. तिने बाईंना सोने दिले, पाया पडली, सगळी हकिकत ऐकली. मग माझे झाकण उघडून तिन्ही सप्तकांवर हात फिरवला.

"बाई, पेटी तर ठणठणीत हाय."

"मग पिंकी काय खोटं बोलती?"

महेजबीनने टॅब घेतला, दोन-तीन ठिकाणी बोट लावले आणि कपाळावर हात मारला. "चूक माझी हाय, बाई. ह्यात एक सोय असती. मान्साचं बोलणं तेवढं पुढं पाठवायचं आणि पंखा, मिक्सर, गाड्या, सगळा आवाज पुसून टाकायचा. गाण्यासाठी ती बंद करायची असती, मी विसरले. पेटीचा लांब सूर ह्याला पंख्यासारखा वाटतोय."

पंखा! ज्या सुरावर शेकडो मुलांनी गळा जुळवला, त्याला या काचेच्या तुकड्याने पंख्याच्या पंक्तीला बसवले होते. मला काय काय बोलावेसे वाटले! बाईंना मात्र भलतेच विचारायचे होते.

"म्हंजी माझे कान..."

"बरोबर होते, बाई. टॅबच चुकत होता."

बाईंनी पदराने डोळे पुसले. महेजबीनने ती सोय बंद करताच टॅबवरून पिंकीला फोन लावला, मला पुढे ओढले आणि सा धरला. तो धरूनच ठेवला.

"आली बाई!" तिकडून पिंकी ओरडली. "अख्खी आली!"

त्या दिवशी शिकवणी दुपारपर्यंत चालली. दसऱ्याचे जेवण गार झाले.

मग माझा हेवा संपला का? छे! आता पिंकीने अकलूजला स्वतःची पेटी घेतली आहे, नवी कोरी. परवा ती टॅबमधून वाजली. बाई डोळे मिटून तिलाच ऐकत होत्या आणि त्यांचा हात माझ्यावर नव्हता. त्यापेक्षा टॅब बरा, असे मला वाटले.

तरी मित्रांनो, एवढे मनावर घ्या. तुमच्याही घरी एखादी पेटी कापडाखाली पडून असेल. तिचा भाता रोज थोडा हलवा, उंदरांपासून जपा. टॅबवर खुशाल शिका. अकलूजपर्यंत जाणे मला एकटीला कधी जमलेच नसते. मात्र हिचा आवाज गेला असे कोणत्याही यंत्राने सांगितले, तर आधी तिच्याजवळ बसा आणि स्वतःच्या कानांनी ऐका. आणि पिंकी, तुझ्या त्या नवीला दमट जागी ठेवू नकोस. मी तिच्यावर जळते आणि जळत राहणार. पण तिचा एक जरी सूर मुका झाला, तरी तो मला इथे कळेल, आणि मला ते सोसणार नाही.