सीमेवरचा सत्कार

आमच्या हिलालनानांना कुणाचा तरी सत्कार केल्याशिवाय अन्न पचत नाही. नाना म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, राहणार नरडाणा. लग्न असो की वास्तुशांती, चार माणसं जमली की नाना माइक धरतात आणि समोर सापडेल त्याच्या खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी आणि हातात नारळ देऊन मोकळे होतात. नेपाळच्या यात्रेलाही त्यांनी हा जामानिमा पिशवीत घेतला होता, पशुपतिनाथाच्या पुजाऱ्यासाठी.

माझी तयारी वेगळी होती. सीमेवर लोकांना कसं फसवतात ते मी धुळ्यात देवपूरला घरी बसून सगळं वाचून काढलं होतं. निघाल्यापासून यात्रेच्या बसमध्ये घसा कोरडा करून सांगत आले, "सीमेवर सोनौलीला कुणी गाडीत चढून ओळखपत्र मागितलं तर द्यायचं नाही. आपलं कार्ड आपण स्वतः दाखवायचं. तुमचं काम करून आणतो म्हणणारा ठगच समजा." सगळे "हो दिपमाला, हो" म्हणाले आणि मुरमुरे खात राहिले.

मला काळजी सासूबाईंची होती. त्यांनी, भिकुबाईंनी, आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट, पशुपतिनाथ. गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा त्यांनी त्याच बोलीवर करून घेतलं होतं. सोबत ओळखीचा पुरावा एकच, मतदार कार्ड. ते गेलं की यात्रा गेली. बस पुढे जाणार आणि त्या अलीकडेच बसणार.

सोनौली आली. ड्रायव्हर गाडीचं परमिट काढायला गेला आणि मी जरा पाय मोकळे करायला उतरले. परत येऊन बघते तर गळ्यात ऑफिसवाल्यांसारखा ओळखपत्राचा पट्टा अडकवलेला एक इसम गाडीत उभा, आणि त्याच्या हातात अख्ख्या गाडीची कार्डं!

"एंट्री करके लाता हूँ, फीस बाद में देना, कोई नीचे मत उतरना," तो सांगत होता. म्हणजे कार्डं एकदा गाडीबाहेर गेली की हा सांगेल ती फी. गठ्ठ्यात सगळ्यात वर सासूबाईंचं कार्ड. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दारातच पाय रोवले आणि ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात नानांनी बसमधला भजनाचा माइक उचलला आणि अहिराणीत सुरू केलं.

"बठ्ठा भाविकस्ले रामराम! इतला मोठा साहेब आपली गाडीमा उना. त्यास्ना सत्कार व्हवालेच पायजे!"

कपाळावर हात मारायलाही सवड मिळाली नाही. टॉवेल खांद्यावर पडला, टोपी डोक्यावर बसली. नारळ मात्र नाना सोडेनात. "साहेब, दोनो हातसे लेना पडता है!" आमच्याकडे एका हातानं नारळ घेणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. शेवटी कंटाळून त्यानं कार्डांचा गठ्ठा शेजारच्या सीटवर ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. शेजारच्या सीटपलीकडे खिडकीशी सासूबाई होत्या.

"साहेबस्नं पूर्ण नाव?" नानांनी माइक त्याच्या तोंडाशी नेला. "गाव? ऑफिस?" भाविकांनी फोटोसाठी फोन उगारले. साहेबाच्या टोपीखालून घाम गळू लागला. नारळ बगलेत मारून तो सीट चाचपायला वळला, तर सीटवर कार्डं नव्हतीच. तिथे सासूबाई ऐसपैस बसल्या होत्या, ऑपरेशनचा पाय लांब करून.

"गुडघा दुखस रे भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या. "उठानं जमस नही."

तो त्यांच्याकडे पाहतो, त्या त्याच्याकडे पाहतात आणि सगळीकडून फोटो निघताहेत. त्यानं तोंडावर टॉवेल ओढला आणि दाराकडे धाव घेतली. मी बाजूला झाले. जा बाबा, नारळासकट जा!

"लाजरा शे बिचारा," नाना हळहळले.

सासूबाईंनी जरासं उठून खालून गठ्ठा काढला आणि माझ्या हातात दिला. "हिलालले सांगू नको," त्या कानात म्हणाल्या. मला इतकं भरून आलं की मी भर बसमध्ये त्यांना मिठी मारली.

मग आम्ही आपापली कार्डं घेऊन रांगेनं चालत निघालो. पलीकडच्या पोलिसानं सासूबाईंचं कार्ड पाहिलं, त्यांचा पाय पाहिला आणि स्वतः हात धरून त्यांना सीमेवरच्या कमानीच्या पार नेलं. तो परत आला तोवर नाना गहिवरले होते. त्यांनी आपल्याच खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्याला पांघरायला गेले. पोलीस झटकन मागे सरला. "नहीं, नहीं बाबा! हम कुछ नहीं लेते."

नानांचा चेहरा उतरला. मग त्यांनी पोलिसाकडे बघत डोळे बारीक केले आणि मला बाजूला ओढलं.

"दिपमाला, तुन्हं खरं शे. हाऊ नक्की ठग शे, टॉवेलबी लिन्हा नही!" आणि ते कमानीपलीकडे बघून ओरडले, "अक्का, कार्ड सांभाळ!"

नेपाळात पोचलेल्या सासूबाईंनी कार्ड कमरेला घट्ट खोचलं. "हां रे भाऊ," त्या म्हणाल्या, आणि हसू लपवायला पदर तोंडाला लावला.