खिशातली चावी

"ओ मॅडम, लाइन सोडा की आता! उतरली ना सगळी माणसं?" गर्दीतून एकजण ओरडला.

मनिषानं शर्टाच्या खिशाला हात लावला. सकाळी मोटारसायकलच्या तीन चाव्या घेतल्या होत्या. जुबेरनं आपली परत नेली, हरिओमनंही नेली. धोंडप्पाची अजून खिशातच होती.

वादळात अर्धापूरकडच्या केळीबागांमधल्या तारा तुटल्या होत्या आणि दोन दिवस गाव अंधारात होतं. लाइनमनांच्या टोळीची प्रमुख म्हणून मनिषाचा हा पहिलाच दिवस. लाइन बंद ठेवायचं परमिट तिच्या नावावर होतं. तिनं उपकेंद्राला फोन करून ते परत केल्याशिवाय वीज सुटणार नव्हती. खांबावर जाणाऱ्यानं गाडीची चावी प्रमुखाकडे द्यायची आणि उतरल्यावर मागून घ्यायची, ही शिस्त आधीच्या प्रमुखांची, गफूरचाचांची. सही करायला माणूस विसरेल, घरी जायची चावी विसरत नाही, असं ते म्हणत. मार्चमध्ये ते रिटायर झाले. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या टोळीतला संगमेश चालू तारेला चिकटून गेला. त्यावर चाचा कधी बोलले नाहीत आणि विचारायची कुणाची छातीही झाली नाही.

"ताई, धोंडप्पामामाला उतरताना बघितलं मी," हरिओम म्हणाला. "कुठंतरी च्या पिऊन राहिले असतील."

"उतरताना बघितलं, का उतरलेलं बघितलं?"

धोंडप्पाचा फोन बंद होता. मनिषानं जुबेरला शोधायला पिटाळलं.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "सरपंचांनी डोकं खाल्लंय माझं. टोळी सांभाळणं होत नसेल तर तसं सांग."

"धोंडप्पामामा दिसले की सोडते, साहेब."

बोलली खरी, पण उपकेंद्राचा नंबर दोनदा काढला आणि दोनदा फोन खिशात टाकला. लोक नको नको ते बोलत होते. तान्ह्या लेकराला पदरानं वारा घालणारी एक बाई मात्र काही न बोलता तिच्याकडे नुसती बघत होती. मनिषाला ते सगळ्यात जास्त लागलं.

पाऊण तासानं जुबेरच्या गाडीवर मागं बसून धोंडप्पा आला.

"त्या पल्याडच्या शेतातल्या आखाड्यावर बसलो होतो, ताई. मालकानं च्या दिली," तो खाली मान घालून म्हणाला. मग त्यानं चावी मागून घेतली.

"घ्या! एक कप च्यापायी गाव उन्हात वाळवलं बाईनं," कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मनिषानं फोन लावून परमिट परत केलं.

संध्याकाळी ती गफूरचाचांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोनं, अमीरबीनं चहा आणून ठेवला.

"चुकलंच माझं, चाचा. मामा खरंच च्या पीत होते. लोकं हसली. साहेब उद्या लेखी खुलासा मागून राहिलेत."

गफूरचाचांनी कप खाली ठेवला.

"त्या दिवशीबी लोकं हेच म्हणली, बेटा," ते म्हणाले. "संगमेश च्या पिऊन राहिला म्हणून. सायेबाचा फोनवर फोन. चावी माझ्या खिशात होती. हाताला लागत होती. तरी मी लाइन सोडली."

अमीरबी उठून आत गेली. मनिषाला रडू आवरेना.

"लेखी काय देऊ, चाचा?"

"लिही, माणूस च्या पीत होता. तुला तेवढं लिहायला तर मिळालं."

त्यांच्या मागं भिंतीवर, खिळ्याला एक चावी टांगलेली होती. इतकी वर्षं मनिषा ती घरातलीच कसली तरी समजत आली होती. बारा वर्षं झाली तरी तिच्यावर गंजाचा ठिपका नव्हता. खाली भिंतीच्या चुन्यावर, तिला लावलेल्या तेलाचा एक लांब ओघळ उतरला होता.