बोंबलाच्या आतलं पाणी

मच्छीमार नगरातल्या राधामावशीचे सुके बोंबील लालबागच्या कोंडीराम दुकानदाराने परत केले. वरून खडखडीत आणि आत बुरशी. वर तोंडावरच म्हणाला, "वजन भरावं म्हणून ओलेच विकतेस काय?" राधाने सासूच्या हाताखाली शिकलेलं काम ते. आजवर कुणी तिला लबाड म्हटलं नव्हतं.

ठाकूरद्वारची मेघना तिचं जुनं गिऱ्हाईक. एका प्रयोगशाळेत अन्नावर संशोधन करायची. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, मला थोडे बोंबील द्या. ताजे, अर्धवट सुकलेले, पुरते सुकलेले, सगळे. आमच्याकडे एनएमआर मशीन आहे. एमआरआयसारखंच मोठ्ठं चुंबक. न चिरता कळतं, आत पाणी कुठे राहिलंय ते."

बोंबलाचा एमआरआय! राधाला कितीतरी दिवसांनी हसू आलं. पण पोर आपलेपणाने बोलत होती. त्या वेळचे बोंबील सुकेपर्यंत राधा तिला रोज पिशवी देत राहिली.

मग एका सकाळी मेघना स्वतःच आली. मोबाइलवर एक चित्र दाखवलं. कडेने काळं, मधल्या काट्यापाशी लखलखीत.

"हे चमकतंय ते पाणी."

"म्हणजे चूक माझीच गो?"

"छे! तुमच्या वाळवणामागे ती नवी भिंत उठली ना, तिने वारा अडवला. नुसत्या उन्हाने वरची कातडी झटकन कडक होते, आतलं पाणी कोंडतं. हाताला कसं कळणार?"

राधाने पदराने डोळे पुसले.

मेघनाच्या सांगण्यावरून ती दुपारी ऊन बेताचं लागावं म्हणून बोंबलांवर जाळी टाकू लागली. आतलं पाणी कातडीपर्यंत यावं म्हणून रात्री ढीग करून गोणपाटाखाली ठेवायची, सकाळी पुन्हा टांगायची. नवे बोंबील मशीनमध्ये तपासले तर चित्रात काट्यापाशीही काळंच. दोघी मिळून लालबागला गेल्या, दोन्ही चित्रं दाखवली. कोंडीराम ओशाळला. "बोलून गेलो वहिनी, मनावर नका घेऊ," म्हणत त्याने माल आत घेतला.

तिथून राधा थेट ठाकूरद्वारला, मेघनाच्या घरी. राखून ठेवलेली निवडक बोंबलांची जुडी तिच्या हातात दिली.

"तुझे उपकार कसे फेडू, पोरी?"

"माझंच काम अडलं होतं, मावशी. बाजारातला बोंबील कुणी, कसा सुकवला, कळतच नाही. तुम्ही दिलेत म्हणून पुढे सरकलं."

राधाने तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. आत मेघनाच्या आईने तवा तापत ठेवला होता. "जेवल्याशिवाय जायचं नाही हं," तिने हाक मारली. राधा पाय धुऊन पानावर बसली.